तोच कान, पुन्हा तीच खाज: कुत्र्याच्या कानाचं दुखणं परत परत का उलटतं

रात्री अडीचच्या सुमारास फटफटफट असा आवाज यायचा. आमची कुत्री गोटी उठून बसायची, डोकं गदागदा झाडायची, पट्ट्याचा बिल्ला खणखणायचा. मग मागच्या पायाने कानामागे खरखर, मध्येच एक बारीक कण्हणं, आणि परत फटफटफट. पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही घाबरलो होतो. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी अर्धवट झोपेत "परत कान" एवढंच पुटपुटले आणि कूस बदलली. चौथ्या वेळी डॉक्टरांकडे न जाता कपाटातून मागच्या वेळची अर्धी उरलेली ड्रॉप्सची बाटली काढली. ती बाटली मला चांगलीच महागात पडली.

ज्यांच्या कुत्र्याचा कान ड्रॉप्स घातल्यावर आठवड्यात बरा वाटतो आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तसाच होतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पहिल्यांदाच झालं असेल तर वाचत बसू नका, आधी कान दाखवून या.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. वर्षात तीन-चारदा कान बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा आधीचा संसर्ग पुरता गेलेलाच नसतो, नाहीतर तो ज्यामुळे होतो ते मूळ कारण कुणी शोधलेलंच नसतं. पुष्कळदा दोन्ही. अशा वेळी आपण ड्रॉप्स बदलत राहतो, अधिक भारी ड्रॉप्स मागतो, आणि कान आपला ठरल्या वेळी उलटतो.

आजच जायचं ते केव्हा

मान सतत एका बाजूला कलती राहणं, चालताना झोक जाणं, गोल गोल फिरणं, बुबुळं आपोआप इकडून तिकडे हलत राहणं, चेहऱ्याची एक बाजू सैल पडणं, यातलं काहीही दिसलं तर दुखणं पडद्यामागे, मधल्या किंवा आतल्या कानापर्यंत पोचलेलं असू शकतं. तोंड उघडताना किंवा कडक काही चावताना कुत्रा केकाटत असेल तर तेही याच खात्यात धरा. बाहेरची कानाची पाळी उशीसारखी फुगली असेल, तर डोकं झाडून झाडून आतली बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते आणि पाळीत रक्त साठलेलं असतं. यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांनी बघेपर्यंत कानात काहीच घालू नका, कान धुवायचं द्रावणसुद्धा नाही.

कान आत कसा वळतो

आपल्या कानाची नळी जवळजवळ सरळ आत जाते. कुत्र्याची तशी नाही. ती आधी खाली उतरते आणि मग जवळपास काटकोनात आत, डोक्याच्या दिशेने वळते. पडदा असतो तो त्या आडव्या भागाच्या टोकाला. वरून बघताना आपल्याला दिसते ती फक्त विहिरीची कड. खाली काय चाललं आहे ते डॉक्टरांच्या दुर्बिणीशिवाय दिसत नाही.

एक करून बघा. कुत्रा निवांत पडलेला असताना कानाच्या मुळाशी, गालाच्या जरा वर, अंगठा आणि बोट यांत हलकेच चिमटीत धरा. आत एक लवचिक नळी हाताला लागेल. ती उभी नळी. निरोगी कानात ती रबरासारखी दबते आणि सोडली की परत फुलते. वर्षानुवर्षं सूज राहिलेल्या कानात ती जाड लागते, आणि फारच जुनं दुखणं असेल तर चक्क लाकडासारखी कडक. अशा नळीत कॅल्शियम साठायला लागलेलं असतं आणि ती सहसा पुन्हा मऊ होत नाही. म्हणून "होतं त्याला असं अधूनमधून" म्हणत दिवस काढणं बरं नव्हे. प्रत्येक वेळची सूज नळी थोडी अरुंद करून जाते. अरुंद नळीत हवा कमी खेळते, मळ जास्त साठतो आणि पुढचा संसर्ग आधीपेक्षा सहज होतो.

या नळीच्या आतली त्वचा स्वतःची साफसफाई स्वतः करते. पडद्याकडून बाहेरच्या दिशेला पेशी हळूहळू सरकत राहतात आणि मळ आपल्याबरोबर वर घेऊन येतात. त्वचा सुजली की हे सरकणं थांबतं. मग मळ तळाला, वळणाच्या पलीकडे साचतो. आपण वरचा दिसेल तेवढा पुसतो आणि कान स्वच्छ झाला म्हणून समाधान मानतो.

बरं वाटतं तिथेच फसगत होते

कुत्र्यांच्या कानाच्या बहुतेक ड्रॉप्समध्ये तीन औषधं एकत्र असतात: जिवाणूंवर एक, बुरशीवर एक, आणि सूज व खाज कमी करणारं स्टेरॉइड. यातलं स्टेरॉइड सगळ्यांत आधी काम दाखवतं. दोन-तीन दिवसांत खाजवणं थांबतं, लाली उतरते, कुत्रा रात्रभर झोपतो. आपल्याला वाटतं, झालं बरं. पाचव्या-सहाव्या दिवशी एक वेळ चुकते, आठव्या दिवशी बाटली कपाटात जाते. जंतू मात्र अजून सगळे गेलेले नसतात. खाज औषधाने दाबलेली असते आणि संसर्ग आपल्या गतीने हळूहळू कमी होत असतो. तो मध्येच सोडला की उरलेले जंतू पुन्हा वाढतात. त्यातले जे त्या औषधाला दाद देत नाहीत तेच जास्त उरतात, म्हणून पुढच्या खेपेला तेच ड्रॉप्स कमी चालतात.

औषध कधी थांबवायचं हे बाहेरून बघून ठरत नाही. डॉक्टर पुन्हा एकदा कानातला नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि त्यात जंतू नसले की थांबवतात. सहसा एक-दोन आठवड्यांनी ही फेरतपासणी होते. गोटीच्या पहिल्या तिन्ही वेळी ती झालीच नाही. डॉक्टरांनी बोलावलं नव्हतं असं नाही. "आता ठीक आहे की" म्हणून आम्हीच गेलो नाही.

दुसरी अडचण मात्रेची. चळवळ्या कुत्र्याला घाईघाईने दोन थेंब टाकले की ते पाळीच्या आतल्या केसांना चिकटून राहतात किंवा फार तर उभ्या नळीच्या तोंडाशी. वळणापर्यंत पोचायला, विशेषतः मोठ्या कुत्र्यात, त्याहून बरंच जास्त औषध लागतं. बाटलीवर किंवा चिठ्ठीवर जेवढे थेंब लिहिलेत तेवढे मोजून घाला आणि मुळाशी हलकेच चोळा. कानात पू आणि मळ भरलेला असेल तर औषध त्वचेला लागतच नाही, शिवाय काही अँटिबायोटिक पुवात नीट कामही करत नाहीत. म्हणून अशा कानात आधी सफाई, मग औषध. कान फार दुखत असेल तर ही सफाई डॉक्टर गुंगी देऊन करतात. ते ऐकून मला आधी अतिरेक वाटला होता. नंतर त्या कानातून काय निघालं ते दाखवलं तेव्हा गप्प बसले.

आता ती अर्धी बाटली. तिने गोटीला चार दिवस आराम पडला. पाचव्या दिवशी कानातून पिवळसर-हिरवट पाणी यायला लागलं आणि वास असा की खोलीत शिरल्याबरोबर कळावं. डॉक्टरांनी दुर्बीण लावली, पण नळी इतकी सुजली होती की पडदा दिसेचना. आधी आठवडाभर सूज उतरवायच्या गोळ्या, मग पुन्हा तपासणी. तेव्हा कुठे कळलं की पडदा शाबूत आहे. त्यांनी शांतपणे विचारलं, "पडदा फाटलेला असता तर?" काही ड्रॉप्समधली औषधं फाटक्या पडद्यातून आत गेली तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. जेंटामायसिन हे त्यातलं नेहमीच्या वापरातलं एक. मागच्या वेळी पडदा शाबूत होता म्हणून याही वेळी असेल हे मी गृहीत धरलं होतं. खरं सांगायचं तर पडद्याचा विचारच केला नव्हता.

वासावरून, रंगावरून किती कळतं

थोडं कळतं, पुरेसं कळत नाही. तपकिरी, तेलकट, आंबूस वासाचा मळ असला तर बहुधा यीस्ट म्हणजे एक प्रकारची बुरशी वाढलेली असते. कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट, कोरडा, भुरभुरीत मळ असला, त्यातून पिल्लू असलं किंवा घरात मांजर असलं, तर कानातल्या माइट्सचा, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या बारीक किड्यांचा संशय घ्यावा. पिवळा-हिरवा पू, दुर्गंधी आणि हात लावू न देण्याइतकं दुखणं, हे जिवाणूंचं लक्षण. पण एकाच कानात यीस्ट आणि जिवाणू दोन्ही असतात, डाव्यात एक आणि उजव्यात दुसरं असंही असतं, आणि काळपट मळ निघाला म्हणून माइट्सचं औषध वर्षभर घालत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. कुत्रं मोठं होतं, घराबाहेर फारसं जात नव्हतं, घरात दुसरं जनावर नव्हतं, आणि होतं ते यीस्ट.

म्हणून प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, स्लाइड करून घ्या. कापसाची काडी कानात फिरवतात, काचपट्टीवर लोळवतात, रंग टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काही मिनिटांचं काम. आमच्या डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकातून डोकावू दिलं. यीस्टच्या पेशी कमरेत आवळलेल्या भुईमुगाच्या शेंगांसारख्या, जांभळ्या रंगाच्या, डझनावारी पसरलेल्या होत्या. चौथ्या वेळच्या स्लाइडवर त्यांच्या जोडीला बारीक दांड्यांसारखे जिवाणूही होते. असे दांडे दिसले आणि नेहमीच्या औषधाने कान हलत नसला, तर नमुना प्रयोगशाळेत पाठवून कोणतं औषध लागू पडेल ते बघून घेतात. यात स्यूडोमोनास नावाचा जिवाणू सापडला तर उपचार कित्येक आठवडे चालतात. तो भलता चिवट.

डॉक्टर स्लाइड न करता कान नुसता बघून ड्रॉप्स लिहून देत असतील तर सरळ म्हणा, "स्लाइड बघू या का?" कुणी वाईट वाटून घेत नाही, आणि घेतलं तर घेतलं.

मुळात होतं कशामुळे

यीस्ट आणि जिवाणू निरोगी कुत्र्याच्या कानातही थोडेफार असतातच. ते माजतात ते त्वचेची घडी बिघडल्यावर. घडी बिघडवणारं शोधायला मी स्वतःला चार प्रश्न विचारते.

पहिला: एक कान की दोन्ही? दोन्ही कान आळीपाळीने किंवा बरोबर बिघडत असतील तर ॲलर्जीकडे बोट जातं. कायम एकच कान, तोही अचानक, उंच गवतातून फिरून आल्यावर सुरू झाला असेल, तर कुसळ शिरलेलं असू शकतं. कुसळाचे काटे एकाच दिशेला असल्यामुळे ते मागे येत नाही, आतच जात राहतं. उतारवयातल्या कुत्र्याचा एकच कान सारखा वाहत असेल तर नळीत गाठ नाही ना, हे बघावंच लागतं.

दुसरा: कानाशिवाय आणखी कुठे खाजतं? हा प्रश्न मला फार उशिरा सुचला. गोटी पंजे चाटायची, पण आम्हाला ती सवय वाटायची, "तिचा टाइमपास आहे तो." पांढरट केसांच्या कुत्र्यांत चाटून चाटून बोटांमधले केस लालसर तपकिरी होतात. तो लाळेचा डाग. पंजे, काख, पोटाची खालची बाजू, डोळ्यांभोवती, गुदद्वाराजवळ, या जागांपैकी दोन-तीन ठिकाणी खाज आणि वर कान, असं असेल तर कानाचं दुखणं हे सगळ्या अंगाच्या त्वचेच्या दुखण्याचा एक तुकडा आहे. काही कुत्र्यांत ॲलर्जी फक्त कानांवरच दिसते, म्हणून पंजे कोरडे आहेत एवढ्यावरून तिला वगळूही नका.

तिसरा: कधी सुरू झालं? हवेतल्या परागकणांची, धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी बहुतेक कुत्र्यांत सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं वर काढते. सातव्या-आठव्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदाच कान बिघडायला लागले, जोडीला कुत्रा सुस्त झाला, वजन वाढलं, केस निस्तेज झाले, तर थायरॉइडची रक्ततपासणी करण्यात अर्थ आहे. खाण्याची ॲलर्जी कोणत्याही वयात येते.

चौथा: वर्षात केव्हा होतं? ठरावीक महिन्यांतच होत असेल तर हवेतलं काहीतरी. बारा महिने सारखंच असेल तर खाणं किंवा घरातली धूळ. दर वेळी आंघोळीनंतर किंवा पोहून आल्यावर दोन-तीन दिवसांत होत असेल तर आत राहिलेला ओलावा.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. "लोंबते कान आहेत ना, म्हणून होतं" हे वाक्य गोटीच्या बाबतीत मी इतक्यांदा ऐकलं की माझाही त्यावर विश्वास बसला होता. लोंबते कान, कानात वाढणारे दाट केस, जात्याच अरुंद नळी, पाण्याची आवड, यांनी संसर्गाला वाट सोपी होते. पण नुसत्या तेवढ्याने तो होत नाही. आठवड्यातून चार दिवस पोहणारे, ढगळ कानांचे लॅब्रॅडॉर आहेत ज्यांचा कान कधी बिघडलेला नाही, आणि ताठ कानांचे जर्मन शेफर्ड आहेत ज्यांना ॲलर्जीमुळे याचा कायमचा त्रास आहे. कानाच्या आकाराला दोष दिला की शोध तिथेच थांबतो, कारण आकार काही बदलता येत नाही. म्हणून मला ते वाक्य आवडत नाही.

खाण्याची चाचणी, आणि ती कशी फसते

खाण्याची ॲलर्जी ओळखायला खात्रीची रक्ततपासणी नाही. एकच मार्ग: कमीत कमी आठ आठवडे पूर्णपणे वेगळं खाणं द्यायचं. ते एकतर कुत्र्याने आयुष्यात कधी न खाल्लेल्या प्रथिनाचं, किंवा प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेलं तयार खाद्य की शरीराला ते ओळखूच येऊ नये. दुसऱ्या प्रकाराला हायड्रोलाइज्ड म्हणतात. आधी कानाचा संसर्ग साफ करून घ्यायचा, नाहीतर खाज कशाची ते कळत नाही. आणि शेवटी जुनं खाणं परत सुरू करून बघायचं. खाज उलटली तरच खाण्याला दोष. कुत्र्यांमध्ये जास्त करून आढळणारे दोषी म्हणजे बीफ, दूध, चिकन आणि गहू. "धान्य बंद केलं" म्हणून ॲलर्जी जात नाही ती यामुळेच, कारण बहुतेकदा दोष मांसातल्या नाहीतर दुधातल्या प्रथिनाचा असतो.

ऐकायला सोपं आहे. आमची पहिली चाचणी सहाव्या आठवड्यात कोसळली, कारण आमच्या मुलाचा मित्र तिला रोज जाताना अर्धं बिस्कीट देत होता आणि दोघांचंही म्हणणं होतं की अर्धं म्हणजे काही नाही. दुसऱ्या चाचणीत डॉक्टरांनी आणखी एक भोक दाखवलं: चघळायच्या औषधी गोळ्यांना मांसाची चव लावलेली असते. गोचिडांची गोळी, जंताची गोळी, कॅल्शियमची वडी, दात घासायची पेस्टसुद्धा. अशा वेळी बिनचवीचा पर्याय मागावा.

आठ आठवडे आम्ही डोळ्यांत तेल घालून पाळले. गोटीच्या खाजेत काडीचा फरक पडला नाही. मला रडू आलं होतं. डॉक्टर म्हणाले, हेच उत्तर आहे. खाणं वगळलं, म्हणजे उरली हवेतली ॲलर्जी. ती मुळातून जात नाही, पण आटोक्यात राहते. त्यासाठी खाज थांबवणाऱ्या गोळ्या आहेत, महिन्या-दीड महिन्यातून घ्यायचं इंजेक्शन आहे, आणि ज्याची ॲलर्जी आहे त्याचेच सूक्ष्म डोस देऊन शरीराला सरावणारी इम्युनोथेरपी आहे. कोणासाठी काय, हे डॉक्टरांनी ठरवायचं. मला एवढंच सांगायचं आहे की गोटीचा कान सुधारला तो खाजेच्या गोळ्या सुरू झाल्यावर. ड्रॉप्स तर आधीपासून तेच होते.

धुणं: किती, कसं, कशाने

कान स्वच्छ, फिकट गुलाबी आणि बिनवासाचा असेल तर त्याला हात लावू नका. चौथ्या वेळेनंतर मी घाबरून रोज धुवायला लागले होते आणि तीन आठवड्यांत कानाची त्वचा सतत ओली राहून पांढरट, फुगल्यासारखी झाली. ज्यांचा कान वारंवार उलटतो त्यांना डॉक्टर साधारण आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा धुवायला सांगतात. उपचार चालू असताना किती वेळा, ते वेगळं, ते चिठ्ठीप्रमाणे.

द्रावणाची बाटली आधी दोन मिनिटं मुठीत धरून कोमट करा. गार द्रव कानात गेला की कुत्रा दचकतो आणि पुढच्या वेळी बाटली पाहूनच पळतो. पाळी वर उचलून नळी भरेल इतकं द्रावण ओता. बाटलीचं टोक आत खुपसू नका. मग मुळाशी तीच नळी चिमटीत घेऊन वीस-तीस सेकंद चोळा. पचपच, पचपच असा आवाज यायला हवा. आला नाही तर द्रावण कमी पडलं आहे. मग हात सोडा, मागे सरका आणि झाडू द्या मनसोक्त. भिंतींचा विचार आधी करून ठेवा, आम्ही हे न्हाणीघरात करतो. झाडण्याने खालचा मळ वर येतो. तो बोटाला गुंडाळलेल्या गॉझने, बोट सहज जाईल तेवढाच पुसायचा. ड्रॉप्स घालायचे असतील तर पाव तास थांबून.

कापसाच्या काड्या नकोत. त्या मळ वळणाकडे दाबून बसवतात. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, व्हिनेगर सोललेल्या त्वचेला आग लावतात. तेलाचा थर बसला की औषध त्वचेपर्यंत नीट पोचत नाही. आतले केस उपटण्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, पण निरोगी कानातले केस नियम म्हणून उपटल्याने कान सुजलेले मी पाहिले आहेत. केसांमुळे औषध आत जात नसेल किंवा मळ अडकत असेल तरच ते काढावेत. आंघोळीच्या वेळी कानाच्या तोंडाशी कापसाचा मोठा बोळा ठेवता येतो. नंतर काढायला मात्र विसरू नका. हसू नका, विसरतात.

कुत्रा कानाला हात लावू देत नसेल तर

चौथ्या वेळेनंतर गोटी ड्रॉप्सच्या बाटलीचं झाकण वाजलं की टेबलाखाली जायची. एकदा नवऱ्याने तिला धरलं, मी औषध घातलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती आमच्यावर गुरगुरली. घरात चर्चा झाली की ती हल्ली चिडकी झाली आहे. ती चिडकी झाली नव्हती. तिला ठणकत होतं, आणि बाटली म्हणजे ठणका हे तिला पक्कं कळलं होतं. तिने आधी मान वळवून, ओठ चाटून, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवून सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही तेव्हा ती आवाज करून बोलली. गुरगुरण्याबद्दल ओरडलात तर पुढच्या वेळी न गुरगुरता दात लागतील.

अशा कुत्र्याला आधी दुखणं कमी करणारं औषध हवं, शिकवणी नंतर. ते डॉक्टरांकडूनच घ्या. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. पडदा शाबूत असेल तर असंही औषध मिळतं जे डॉक्टर स्वतः एकदा कानात घालतात आणि ते काही आठवडे आतच राहून काम करतं. रोजची झटापट टळते. ज्यांच्या घरी धरपकड होते त्यांनी याबद्दल जरूर विचारावं.

कान बरा असतानाच सराव करावा लागतो. आम्ही बाटली नुसती जमिनीवर ठेवायचो आणि तिच्याजवळ खाऊ. दोन दिवस एवढंच. मग पाळीला हात, खाऊ. पाळी वर, खाऊ. रिकाम्या बाटलीचा स्पर्श, खाऊ. ती उठून गेली तर जाऊ द्यायचं, मागे लागायचं नाही. तीन आठवड्यांनी ती हनुवटी माझ्या मांडीवर टेकवून बसायला लागली. हनुवटी उचलली की मी थांबते, हा आमच्यातला करार. चाटायला पीनट बटर देत असाल तर डब्यावर झायलिटॉल लिहिलेलं नाही ना, ते वाचा. माणसांना निरुपद्रवी असलेला हा गोडवा कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन खाली आणतो.

तारखा लिहून ठेवा

दिनदर्शिकेवर मी आता तीनच गोष्टी टिपते: कान बिघडल्याची तारीख, डावा की उजवा, आणि पंजे चाटायला कधी सुरुवात झाली. मागच्या चार वेळा आठवून लिहिल्या तेव्हा दिसलं की तीन वेळा अडीच महिन्यांच्या एकाच टप्प्यातल्या होत्या, आणि दर वेळी आठ-दहा दिवस आधी पंजे सुरू झाले होते. हे आमच्या डोळ्यांसमोर होत होतं. आता पंजे सुरू झाले की मी फोन करते, कानाची वाट बघत नाही.

एवढं सगळं करूनही कान थांबत नसेल, नळी कडक लागत असेल किंवा मधल्या कानात दुखणं मुरलं असेल, तर त्वचारोग किंवा शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांकडे पाठवायला सांगा. सीटी स्कॅनमध्ये पडद्यामागचं दिसतं. अगदी शेवटचा उपाय म्हणजे शस्त्रक्रिया करून कानाची सगळी नळी काढून टाकणं. ऐकू येणं बरंचसं जातं, आणि चेहऱ्याची नस तिथूनच जात असल्यामुळे जोखीमही असते. पण वर्षानुवर्षं ठणकणाऱ्या कानातून सुटलेली कुत्री पुन्हा खेळायला लागतात, असं डॉक्टर सांगतात.

गोटीला गेल्या वर्षात एकदाच झालं, तेही वासावरच कळलं, खाजवण्याआधी. दर रविवारी सकाळी ती चहाच्या वेळी पायाशी येऊन पडते, मी दोन्ही पाळ्या उचलून हुंगते. बऱ्या कानाला नुसता उबदार, कुत्र्याचा वास येतो. त्या दिवशी उजव्याला किंचित आंबूस आला. नवऱ्याला हुंगायला लावलं, तो म्हणाला काही नाही. सोमवारी स्लाइडवर शेंगा दिसल्या, थोड्याशाच.